माईक खराब नव्हता

मी एक जुना माईक आहे. जुना आहे, खराब नाही. ह्या दोन शब्दांचा आवाज एकमेकांशी अजिबात जुळत नाही, तरी माणसं त्यांची रोज गल्लत करतात.

मित्रांनो, काही वर्षं मी खोक्यात पडून होतो हे खरं. पण रडगाणं गायला मी तुमच्यापुढे आलेलो नाही. माझ्यावर एकदा भरसभेत खोटा आळ आला होता. तो आळ कोणी खोडून काढला आणि त्यासाठी हातातली संधी कशी सोडून दिली, ते मला सांगायचं आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मला डोळे नाहीत. मी जे सांगेन ते सगळं ऐकलेलं. पण ऐकण्यात मी कधी चुकलो नाही.

माझा जन्म दिल्लीकडच्या एका कारखान्यात झाला. लोखंडी जाळीचं डोकं, जाळीच्या आत एक पातळ पडदा, पडद्यामागे तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं आणि एक लोहचुंबक. आवाज आला की पडदा थरथरतो, आणि ती थरथर वायरीतून पुढे जाते. एवढंच माझं शिक्षण. कागदात गुंडाळून मला अकोल्याच्या एका दुकानात आणलं, आणि तिथून तिवशाच्या पुंजारामभाऊंनी मला आपल्या मंडप आणि साऊंड सर्व्हिसमध्ये नेलं. त्यांनी माझ्यावर दोनदा टिचकी मारली, फुंकर घातली आणि म्हणाले, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री." समोरच्या भोंग्यातून त्यांचाच आवाज परत आला. "वा रे पठ्ठे!" ते म्हणाले. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

मग मी कामाला लागलो. लग्नांत मंगलाष्टकं ऐकली, आणि 'पाहुणे मंडळींनी जेवून घ्यावे' ही हाक तर किती वेळा दिली त्याची मोजदाद नाही. वरूडला संत्र्याच्या हर्रासात, म्हणजे लिलावात, ट्रॅक्टरांच्या घरघरीवर मात केली. गुरुकुंज मोझरीला खंजिरीच्या भजनात तर असा रंगलो की पुंजारामभाऊ माझी जाळी आपल्या उपरण्याने पुसायचे आणि म्हणायचे, "ह्या माईकले देवानं कान देला हाय."

मोझरीचाच एक प्रसंग मला विसरता येत नाही. तिथल्या संतांच्या पुण्यतिथीची गर्दी होती आणि एक पाच वर्षांचा पोरगा चुकला होता. पुंजारामभाऊंनी पुकारा केला, "गोपाल नावाचं लेकरू सापडलं हाय. त्याच्या मायनं स्टेजजवळ यावं." थोड्याच वेळात चार बायका धापा टाकत आल्या. चौघींच्याही पोरांचं नाव गोपाल होतं आणि चौघींचेही गोपाल गर्दीत कुठेतरी होते. पण हा गोपाल त्यांतल्या एकीचाही नव्हता. चौघी हिरमुसून परत फिरल्या. खरी माय पाचवीच होती, आणि ती आलीच नव्हती, कारण तिला वाटलं होतं, दुसऱ्या कोणाचा असेल. मग पुंजारामभाऊ पुन्हा म्हणाले, "निळा सदरा हाय. हातात पिपाणी हाय. पिपाणी देत नाई म्हणते कोनाले." तेव्हा दुरूनच एका बाईची किंकाळी आली, "माहाच व तो!"

पुंजारामभाऊ चौथीपर्यंत शिकलेले. पण नुसता आवाज पुरत नाही, त्याच्यासोबत आणखी चार शब्द द्यावे लागतात, हे त्यांना कळत होतं. पुढे फार शिकलेल्या एका माणसाला हीच गोष्ट कळली नाही, तेही मी ऐकलं.

वर्षं गेली. पुंजारामभाऊंच्या मुलाने, शेखरने, बिनवायरीचे चकाचक माईक आणले. "बाबा, ह्या वायरवाल्याले कोन विचारते आता?" असं म्हणून त्याने मला खोक्यात टाकलं. खोक्यात मी चार वर्षं होतो. उंदरांची खुडबुड आणि पत्र्यावरच्या कावळ्यांची टपटप, ह्यापलीकडे काही ऐकलं नाही. पण मला बाहेर फेकू द्यायला पुंजारामभाऊ तयार झाले नाहीत. एके दिवशी मोझरीजवळच्या एका खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेच्या रागिणी मॅडम त्यांच्याकडे आल्या. त्यांना परिपाठासाठी माईक हवा होता. पुंजारामभाऊंनी खोकं उघडलं, फुंकर घातली, आणि मी बोललो. चार वर्षांनी, पहिल्या फुंकरीला.

अशी माझी आणि आचलची गाठ पडली.

आचल सातवीत होती. तिचे वडील नत्थुजी मेहरे आपल्या अर्ध्या एकरात झेंडू आणि शेवंती लावत. आई माया मोझरीच्या रस्त्याला बसून हार ओवत आणि विकत असे. सकाळचा परिपाठ चालवायचं काम मॅडमनी आचलकडे दिलं होतं. ती मला हातात धरायची ती घट्ट. आईसोबत हार ओवून तिच्या बोटांना नेहमी सुतळीचा खरखरीतपणा असायचा. परिपाठात रोज 'आजचा इंग्रजी शब्द' असे, आणि आचल तो अशा आवाजात सांगायची की शाळेमागच्या विहिरीवरच्या बायाही तो पाठ करत.

एका सोमवारी ती माझ्यासमोर आली आणि मला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. मग म्हणाली, "आज मी शब्द नाई सांगत. माही चूक सांगते."

मुलं खुसखुसली.

"आमच्या दुकानासाठी मी पुठ्ठ्यावर पाटी लिहिली होती. फ्रेश फ्लॉवर. काल एक गाडी थांबली. त्यातले लोक पाटी वाचून हसले आणि माह्या मायले म्हणाले, मावशी, दोन किलो कणीक द्या. माय म्हणाली, कणीक नाई जी, फुलं हायेत. ते अजूनच हसले आणि चालले गेले. मी एफ-एल-ओ-यू-आर लिहिलं होतं. त्याचा अर्थ पीठ होते. फुलाचं स्पेलिंग एफ-एल-ओ-डब्ल्यू-ई-आर हाय. माय मले विचारे, काय म्हणत होते व ते? मी सांगतलं नाई. पुठ्ठा उलटा करून देला." मग तिचा आवाज चढला. "चूक माही होती. पण मायले हसाचं त्यायले काही काम नव्हतं."

कोणी हसलं नाही. रागिणी मॅडम पुढे आल्या. त्या म्हणाल्या, "मुलांनो, फ्लावर आणि फ्लावर, दोन्ही कानाला एकच लागतात. इंग्रजीत असे शेकडो शब्द आहेत. ज्यांची ती मायबोली आहे, तेसुद्धा त्यांत चुकतात. उद्यापासून रोज एक जोडी घ्यायची. आणि कोणी नुसता शब्द म्हणाला, तर त्याला काय विचारायचं?"

"काय विचाराचं मॅडम?"

"वाक्यात सांगा, म्हणायचं."

त्या वर्षी मी कितीतरी जोड्या ऐकल्या. नाकाचा 'नोज' आणि माहीत असण्याचा 'नोज'. मोडण्याचा ब्रेक आणि सायकलचा ब्रेक. मुलं त्यांना 'जुळे शब्द' म्हणत. पाचवीतली खुशी नावाची एक बारीक आवाजाची पोरगी तर कोणी पाणी मागितलं तरी म्हणायची, "वाक्यात सांग!" आणि स्वतःच खिदळायची.

मग जानेवारीत तिवशाला तालुक्याची इंग्रजी शब्दस्पर्धा आली. अमरावतीच्या एका खासगी कोचिंग क्लासने ती ठेवली होती. पहिले दोन विद्यार्थी अमरावतीच्या जिल्हा फेरीला जाणार होते. आमच्या शाळेतून आचल आणि खुशी निघाल्या. त्याच सकाळी मॅडमनी मलाही सोबत घेतलं, कारण माझ्या वायरीचं एक टोक सुटायला आलं होतं. पुंजारामभाऊंनी त्याला सोल्डरचा पक्का टाका दिला आणि "आता दहा वर्षं पाहा लागत नाई" असं म्हणाले.

स्पर्धेच्या मंगल कार्यालयात साऊंड पुंजारामभाऊंचाच होता. बिनवायरीचे माईक लावले, आणि दहा मिनिटांत ते गुरगुरून बंद पडले. शेखर ओरडत होता, "बाबा, सेल संपले! दुसरे सेल आणलेच नाई!" पुंजारामभाऊंनी मॅडमकडे पाहिलं असावं, कारण पुढच्या क्षणी मी पिशवीतून बाहेर आलो आणि माझी वायर खटकन जोडली गेली.

माझ्यासमोर शब्द सांगायला उभे राहिले ते धर्मेंद्र सर. क्लासचे मुख्य. आवाज स्वच्छ, उच्चार तासून घेतलेले. त्यांनी नियम सांगितले. शब्द दोनदा म्हटला जाईल. दहा सेकंदांत पाटीवर लिहायचा. चुकलं की बाद. बाद झालेल्याने माईकवर यायचं, आपलं नाव आणि शाळा सांगायची, 'थँक यू' म्हणायचं आणि खाली जायचं. "शिस्त म्हणून," ते म्हणाले. शेजारच्या खुर्चीवर देवीदास सर नावाचे निवृत्त मुख्याध्यापक अध्यक्ष म्हणून बसले होते. ते मधूनमधून खोकत तेवढेच.

चाळीस मुलं होती. तिसऱ्याच शब्दाला धर्मेंद्र सर म्हणाले, "सन. सन."

लांबून एक बारीक आवाज आला, "सर, वाक्यात सांगा ना."

"नो क्वेश्चन्स."

दहा सेकंद झाले. पाट्या वर झाल्या. सर वाचू लागले. "एस-यू-एन, बरोबर. बरोबर. बरोबर. ही कोण? एस-ओ-एन. राँग. कम हिअर."

खुशी आली. तिचे दात एकमेकांवर वाजत होते. "माझं नाव खुशी," ती म्हणाली, शाळेचं नाव अर्धंच निघालं, आणि मग हुंदक्यासोबत ते दोन शब्द आले. "थँक यू."

मित्रांनो, मी हजारो लोकांचे आभार पुढे पोचवले आहेत. आमदारांचे, वरपित्यांचे, भजनी मंडळांचे. पण आपली चूक नसताना मागून घेतलेलं 'थँक यू' मी त्या दिवशी पहिल्यांदा भोंग्यात टाकलं. मी माईक आहे. येईल तो आवाज पुढे द्यायचा, एवढंच मला येतं. त्या दिवशी मला त्याची चीड आली.

आचल तेव्हा काही बोलली नाही. पुढे बरेच दिवसांनी, परिपाठ संपल्यावर, मी चालूच राहिलोय हे न कळून ती खुशीला सांगत होती, "मले माहीत होतं व, तुही चूक नोयती. पण मले वाटलं, मी बोलली तं मलेही काहाडतीन. म्हणून चूप बसली." हे सांगताना तिचा आवाज जितका बारीक झाला, तितका मी तो कधी ऐकला नव्हता.

स्पर्धा पुढे चालली. अवघड शब्दही आले, सरळ शब्दही आले, आणि मधूनमधून जुळेही आले. टेल, ब्रेक, होल, मीट. एकेक मूल येत होतं, नाव सांगत होतं, थँक यू म्हणून जात होतं. शेवटी तिघं उरले. आचल, तिवशाच्या इंग्रजी शाळेतली करिश्मा, आणि कुऱ्ह्याकडचा नितेश.

धर्मेंद्र सर म्हणाले, "सेल. सेल."

खडूसारखी कुरकुर करत मार्कर चालले.

"नितेश, सी-ई-एल-एल, बरोबर. करिश्मा, सी-ई-एल-एल, बरोबर. आचल, एस-ई-एल-एल. राँग. कम हिअर. नाव, शाळा, थँक यू."

चपलांचा आवाज जवळ आला. सुतळीने खरखरीत झालेली ती बोटं माझ्याभोवती आवळली, आणि मला वाटलं, आता हिचंही तेच होणार.

"माझं नाव आचल नत्थुजी मेहरे," ती म्हणाली. शाळेचं नाव तिने पूर्ण, सावकाश सांगितलं. मग ती म्हणाली, "मी थँक यू म्हणणार नाही."

सर काही म्हणायच्या आत ती पुढे बोलू लागली.

"माझं उत्तर चूक नाही, सर. एस-ई-एल-एल सेल म्हणजे विकणे. माही माय फुलं विकते. मी तेच लिहिलं."

"पण यादीत सी-ई-एल-एल आहे," धर्मेंद्र सर म्हणाले. "पेशी. जीवशास्त्रातली."

"यादी तुमच्या हातात होती, सर. आमच्या कानात नुसतं 'सेल' आलं."

कोणीतरी फिसकन हसलं. सरांचा आवाज कडक झाला. "हे बघ, 'माही माय', 'मले', 'तुले'. आधी मराठी तरी शुद्ध बोलायला शीक. मग इंग्रजीचा वाद घाल."

मला तिच्या बोटांतून कळलं, तिला ते लागलं. क्षणभर पकड ढिली झाली. मग ती आधीपेक्षाही घट्ट झाली.

"ठीक हाय सर. मराठीतच विचारते. माह्याच मराठीत. मी एक शब्द म्हणते, तुमी त्याचा अर्थ सांगा. दोनदा म्हणते. हार. हार."

"हार? फुलांची माळ."

"राँग," आचल म्हणाली. "मी मॅचमधली हार म्हणून राहिली होती."

अख्खं सभागृह फुटलं. बाकं वाजली, शिट्ट्या आल्या. ती मात्र हसत नव्हती. आवाज खाली बसायची वाट पाहून ती म्हणाली, "तुमी पराजय म्हणाले असते, तं मी म्हणाली असती गळ्यातला. यादी माह्यापाशी हाय. मी जे म्हणीन ते बरोबर. तुमी आता थँक यू म्हणान का सर?"

धर्मेंद्र सरांच्या बुटांचा आवाज जवळ आला. मग मला त्यांचा आवाज अगदी जवळून आला, मऊ, समजुतीचा.

"हे बघ बेटा, यात कोणाचीच चूक नाही. हा माईक जुना आहे. आवाज नीट गेला नसेल. खरखर झाली असेल. तू एवढंच सांग की माईक खराब होता, तुला नीट ऐकू आलं नाही. आम्ही तुला दुसरा शब्द देतो. तू स्पर्धेत राहशील."

मित्रांनो, हाच तो आळ.

खाली खुर्च्या सरकल्या. पहिल्या रांगेतून रागिणी मॅडमचा दबका आवाज मी टिपला, "आचल, हो म्हण." त्यांना दोष देऊ नका. पोरगी अमरावतीला जावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. आणि खरंच, काय बिघडणार होतं? सरांची लाज राहिली असती, आचलची जागा राहिली असती. बोल लागला असता तो फक्त मला, आणि मला तर बोलता येत नाही. मी आयुष्यभर इतरांचे शब्द पोचवले. त्या क्षणी मला माझा स्वतःचा एक शब्द हवा होता. तो माझ्याजवळ नव्हता.

आचलने मला तोंडाजवळ धरलं.

"माईक खराब नाही, सर," ती म्हणाली. "मले साफ ऐकू आलं. सगळ्यायले साफ ऐकू आलं. खुशीले 'सन' पण साफ ऐकू आलं होतं. तिनं विचारलं, वाक्यात सांगा. तुमी नाही म्हणाले. ह्याच्यावर काहून ढकलता?"

मागून पुंजारामभाऊ गरजले. त्यांना माईक कधी लागलाच नाही. "आज सकायीच टाका देला हाय म्या त्याले! खरखर असन तं दाखवा!"

"मले एकटीले दुसरा शब्द नाई पाहिजे," आचल म्हणाली. "द्याचा असन तं सगळ्यायले द्या. नाई तं मी हे बसली खाली." आणि ती खाली बसली. खुर्चीत नव्हे, स्टेजवरच, मला मांडीवर घेऊन. हे मला कळलं, कारण माझी वायर ताणली गेली आणि भोंगे एकदा कचकन वाजले.

तेव्हा करिश्माचा आवाज आला. ती माझ्यापासून लांब होती, तरी मी तो पकडला. "सर, मी पण आधी एस लिहिला होता. मग पुसला. आज आमच्या ट्युशनला सायन्सची टेस्ट होती, म्हणून मला सेल आठवला. मला माहीत नव्हतं. मी अंदाज केला."

देवीदास सर खोकले. त्या दिवशी ते पहिल्यांदाच बोलले. "धर्मेंद्र, ती यादी इकडे द्या."

कागद सरसरला. ते वाचू लागले. "सन. टेल. ब्रेक. होल. मीट. सेल. ह्यातल्या प्रत्येकाला दुसरं स्पेलिंग आहे. ह्या सहा शब्दांवर किती मुलं बाद झाली?"

मुलं उभी राहू लागली असावीत. पुंजारामभाऊ मोठ्याने मोजत होते. आचल धरून अकरा.

"सर, पण आता वेळ..." धर्मेंद्र सर म्हणाले.

"वेळ काढू. ह्यांच्याकडून आपण दहा वेळा थँक यू घेतलंय. ते परत करायचं म्हणजे वेळ लागणारच."

धर्मेंद्र सर माझ्याजवळ आले. आचलने मला त्यांच्या हातात दिलं. बोलण्याआधी त्यांनी मान बाजूला वळवली आणि अगदी हळू म्हणाले, "पेपर मीच काढला होता. माझ्या लक्षातच आलं नाही." ते त्यांनी कोणाला उद्देशून म्हटलं, ठाऊक नाही. बाहेर कोणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं. त्या दिवसापासून माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग उरला नाही.

मग अकराही जण परत बसले. शब्द पुन्हा सुरू झाले, ह्यावेळी वाक्यासकट. उगवणारा सन आणि आईबापाचा सन वेगळे झाले. शेपटीचा टेल आणि गोष्टीचा टेल वेगळे झाले. खुशी चार फेऱ्या टिकली. पाचव्या फेरीत एका लांबलचक शब्दाला गेली आणि नाचतच माईकवर आली. तिचं त्या वेळचं थँक यू एवढं मोठं होतं की माझा पडदा दुखला.

आता तुम्हाला वाटेल, आचल जिंकली असेल. नाही. पुन्हा तेच तिघं उरले, आणि धर्मेंद्र सर म्हणाले, "बुके. पाहुण्यांना फुलांचा बुके दिला. बुके."

करिश्मा बरोबर. नितेश बरोबर. आचलने लिहिलं होतं बी-यू-के-ई.

फुलवाल्याची पोरगी फुलांच्या शब्दावर बाद झाली. सगळ्यांत पहिल्यांदा हसली ती आचलच. हसतहसतच ती माझ्याजवळ आली.

"आमच्या दुकानात हार भेटते, बुके नाई भेटत," ती म्हणाली. "माझं चुकलं. थँक यू."

मी आजवर टाळ्यांचा आवाज बराच वाहून नेला आहे. पण त्या टाळ्या मला वाहाव्या लागल्या नाहीत. त्या भोंग्यांशिवायच बाहेर रस्त्यापर्यंत गेल्या.

अमरावतीला करिश्मा आणि नितेश गेले. पुढच्या वर्षीच्या नियमपत्रकात एक ओळ नवी आली. रागिणी मॅडमनी ती परिपाठात माझ्यावरच वाचून दाखवली. प्रत्येक शब्द वाक्यात वापरून सांगितला जाईल, आणि स्पर्धकाला प्रश्न विचारता येईल. त्या ओळीखाली कोणाचं नाव नव्हतं. नसू दे. ती कोणाची आहे ते मला ठाऊक आहे.

मी अजून त्याच शाळेत आहे. आचल आता तिवशाला शिकायला जाते. तिच्यानंतर माईक मागणारी पोरं मात्र वाढली आहेत. परवा पहिलीतली एक मुलगी आली. स्टँड मोठ्या माणसांच्या उंचीला लावलेला होता. ती टाचा उंचावून म्हणत होती, "मॅडम, मले एक विचाराचं हाय," आणि तिचा आवाज माझ्या खालून निघून जात होता. मॅडमनी स्टँडचा पेच फिरवायला घेतला. तो गंजून बसला होता. दोघा मुलांनी जोर लावला, कोणीतरी खोबरेल आणलं, आणि कुरकुरत, कुरकुरत मी खाली आलो, थेट तिच्या ओठांपाशी.

मित्रांनो, मला मखमलीत ठेवा असं मी म्हणत नाही. वायर सुटली तर टाका द्या, धूळ बसली तर पुसा, नाही पुसली तरी चालेल. पण तो पेच गंजू देऊ नका. त्याला महिन्यातून एकदा तेल द्या. आणि शाळेतलं सगळ्यांत बुटकं मूल काही विचारायला उठलं, तर त्याला टाचा उंच करायला लावू नका. मला खाली आणा.